आतड्यातली धग

२००४ साली महाराष्ट्र सरकार आणि जागतिक बँक यांनी मिळून एक प्रयोग आखला. त्यासाठी तीन जिल्हे ठरले: अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. प्रत्येक जिल्ह्यातली ६० गावं घ्यायची. त्यातली निम्मी गावं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडायची आणि तिथे हागणदारी बंद करण्याची मोहीम जोरात राबवायची. उरलेल्या गावांना तूर्त हात लावायचा नाही. मग दोन्हीकडच्या लहान मुलांची उंची मोजायची.

संडासाचा आणि उंचीचा काय संबंध, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर ते साहजिकच होतं. पोर खुजं राहिलं की त्याला खायला कमी पडलं, असं आपण धरून चालतो. पण या प्रयोगात कुणाच्या ताटात एक घासही जास्तीचा पडणार नव्हता.

काळ संडासांच्या मोहिमांचा होता. विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं होतं. त्याआधी सरकारने अनुदान देऊन लाखो संडास बांधले होते आणि त्यातल्या पुष्कळांत गोवऱ्या, सरपण नाहीतर कडबा भरून ठेवलेला सापडत असे. पाटलांच्या अभियानाने रोख बदलला. पैसा घराला मिळणार नव्हता; सगळं गाव स्वच्छ झालं तर गावाला बक्षीस होतं. तालुक्याची समिती येणार म्हटलं की रात्रीतून रस्ते झाडले जात, भिंतींवर म्हणी रंगत, पहाटे शिट्ट्या वाजवत गुड मॉर्निंग पथक निघे आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गाठून गुलाबाचं फूल देई. त्यात गंमत होती तशी क्रूरताही होती. ज्याच्या घरात संडासाला जागाच नाही अशा माणसाला गावासमोर लाजवणं ही सुधारणा कशी, हा प्रश्न पथकातले लोक स्वतःला विचारत नसत. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींनी त्यांची रास घातली.

प्रयोगाची मोहीम प्रत्यक्षात झाली ती एकट्या नगर जिल्ह्यात. नांदेड आणि नंदुरबारची गावं यादीवर राहिली, कार्यक्रम तिथवर पोचला नाही. सरकारी यादीत नाव येणं आणि गावात माणूस येणं यातलं अंतर नांदेडच्या मराठवाड्याला नवं नाही. निजामाच्या राज्यातून १९४८ च्या सप्टेंबरात बाहेर पडल्यापासून हा विभाग अनेक याद्यांवर आहे.

नगरचे आकडे मात्र वाया गेले नाहीत. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी ते पुढे काळजीपूर्वक तपासले आणि त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. मोहीम झालेल्या गावांतली मुलं इतर गावांतल्या मुलांपेक्षा सुमारे ०.३ प्रमाण विचलनाने उंच निघाली. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक साधारण सव्वा सेंटिमीटरचा होतो. फूटपट्टीवर तो दिसेल न दिसेल एवढा, पण न वाढलेल्या जेवणातून आलेला.

तो आला कुठून, याचं उत्तर शोधायला चाळीस वर्षं मागे आणि बरंच दक्षिणेला जावं लागतं.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन हे डॉक्टर १९६० च्या दशकात लहान आतड्याचा अभ्यास करत होते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे अगदी बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यातून. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत ते उंच आणि सडसडीत दिसत. वेल्लोरच्या धडधाकट, तक्रार नसलेल्या माणसांच्या आतड्यात ते बुटके, रुंद, एकमेकांना चिकटलेले आढळले. मधल्या जागेत प्रतिकार पेशींची गर्दी होती. हा भारतीय आतड्याचा मूळचाच घाट असेल, अशी शंका कुणालाही आली असती. ती वेल्लोरच्याच शवविच्छेदनाच्या अभ्यासाने १९६९ मध्ये खोडून काढली. जन्माआधीच किंवा जन्मतःच दगावलेल्या अर्भकांच्या आतड्यातले उंचवटे पुस्तकातल्यासारखेच सडसडीत होते. बिघाड सुरू होत होता तो जन्मानंतर.

त्याच दशकात जॉन लिंडेनबॉम हा अमेरिकन डॉक्टर पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पीस कोअरच्या तरुण स्वयंसेवकांना तपासत होता. अमेरिकेतून ठणठणीत आलेली ही मुलं-मुली काही महिने तिथे राहिली की त्यांचंही आतडं तसंच होई. परत घरी गेली की हळूहळू पूर्ववत होई. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी माणसांचा त्याच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा तिथे जितकी वर्षं जास्त काढलेली तितकं आतडं सुधारलेलं दिसलं. म्हणजे वंशाचा दोष नव्हता, तिखटाचाही नव्हता. माणूस ज्या मातीत आणि ज्या पाण्यात राहतो, त्याची ती खूण होती. या स्थितीला तेव्हा उष्णकटिबंधीय आतड्याचा विकार म्हणत. त्यात रोगी म्हणून कुणी येत नव्हतं, मरत नव्हतं, म्हणून जगाने ते संशोधन बाजूला ठेवून दिलं.

आतड्यात नेमकं काय चालतं, हे समजायला पुढची पन्नास वर्षं लागली, आणि या गोष्टीतला सगळ्यांत रंजक भाग तोच आहे.

आपल्या शरीरातल्या प्रतिकार पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत वस्तीला असतो. साहजिक आहे. बाहेरचं जग शरीराच्या आत सगळ्यांत खोलवर जातं ते याच वाटेने. पण इथल्या पेशींचं काम पोलिसाच्या कामाहून अवघड. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायमचे राहतात आणि त्यांच्यावाचून आपलं चालत नाही. त्यांच्यावर हल्ला केला तर नुकसान आपलंच. शिवाय या पेशींना शहाणपण शिकवतात तेही जिवाणूच. जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती अर्धवट घडलेली असते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की धाग्यासारखा दिसणारा एकच जिवाणू उंदराच्या आतड्यात सोडला, तरी दाह वाढवणाऱ्या एका जातीच्या पेशी तयार होऊ लागतात. दोन वर्षांनी जपानच्या केन्या होंडा यांच्या गटाने उलट बाजू दाखवली: क्लॉस्ट्रिडिया गटातले काही जिवाणू नियामक टी पेशी वाढवतात, म्हणजे दाह आवरणाऱ्या पेशी. २०१३ पर्यंत त्यामागचं रसायनही हाती आलं होतं. आपल्याला न पचणारा अन्नातला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, जिवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात आणि नियामक पेशींना बळ मिळतं तेही त्याच्याकडून.

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या पालेभाज्या हे मराठवाड्याचं जुनं जेवण या हिशेबात चांगलंच बसतं. १९७२ च्या दुष्काळात ते मोडलं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, आणि सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन जगत होती. त्या पिढीतली म्हातारी माणसं मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. पुढे रेशनवरचा गहू-तांदूळ आला आणि लातूरच्या काळ्या रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन उभं राहिलं.

पण दीड वर्षाच्या पोराची गोष्ट भाकरीवरून सुटत नाही, कारण ते भाकरी खातं कितीशी? ते अंगणात रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. ज्या गावाची गोदरी पांदीच्या कडेला आहे, जिथे पहिल्या पावसात ती आड-विहिरीकडे वाहते, तिथे त्या पोराच्या पोटात विष्ठेतले जिवाणू रोज थोडे थोडे जातात. कधी त्याला जुलाब होतो, मग आईचं लक्ष जातं. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. म्हणजे बाहेरून होत नाही. आत भिंतीतल्या पेशींना शत्रू आल्याची वर्दी रोज मिळते आणि त्या कायमच्या सज्ज राहतात. राखेखालच्या निखाऱ्यासारखा दाह विझतही नाही आणि भडकतही नाही. उंचवटे झिजतात, अन्नरस कमी शोषला जातो. अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू, रक्तात पाझरतात. मग सगळं शरीरच युद्धाच्या तयारीत जातं. दाहाचे संदेश यकृतापर्यंत पोचले की वाढीसाठी लागणारा आयजीएफ-१ हा संप्रेरक-घटक कमी होतो, तर हेप्सिडिन वाढून अन्नातलं लोह आतड्यातच अडतं. पोर खातं आहे, पण त्यातला काही वाटा लढाईला जातो, काही वाया जातो, आणि उंची वाढवण्याचा हुकूमच निघत नाही. अंगणवाडीच्या वहीत त्याची नोंद ‘कमी वजन’ अशी होते. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त का वाढत नाही, याचं एक उत्तरही इथे आहे.

हे सगळे धागे एकत्र ओवून २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडणी केली ती झिंबाब्वेत काम करणाऱ्या जीन हम्फ्री यांनी. बालकांच्या कुपोषणाचं मोठं कारण जुलाब नसून हा न दिसणारा आतड्याचा विकार असावा आणि त्यावरचा मार्ग संडास व हात धुणं यातून जावा, असं त्यांचं म्हणणं होतं. नगरचे सव्वा सेंटिमीटर या मांडणीत चपखल बसत होते. भारतीय मुलं आफ्रिकेतल्या गरीब मुलांपेक्षाही खुजी का, हे कोडं अर्थशास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. त्याचंही उत्तर उघड्यावरच्या शौचात सापडलं असं वाटू लागलं.

इकडे मराठवाड्यात कुपोषणाशी वेगळ्या बाजूने झुंज चालली होती. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे पहिले महासंचालक. मिशनने कुठलंही नवं औषध आणलं नाही. प्रत्येक मूल मोजा, खोटे आकडे लिहू नका, आणि गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या दिवसांवर सगळा जोर लावा, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. अंगणवाडी सेविकांना खरा आकडा लिहायला धीर देणं हे माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं काम. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आलं. त्यातलं किती मिशनमुळे, किती वाढलेल्या उत्पन्नामुळे, किती संडासांमुळे, याची वाटणी करणं कठीण आहे. पण एवढी घसरण क्वचितच कुठे दिसते.

मग गोष्टीला गाठ बसली.

हम्फ्रींची मांडणी पडताळायला मोठे प्रयोग उभे राहिले. ओडिशातल्या शंभर गावांत, मध्य प्रदेशातल्या ८० गावांत संडास बांधून पाहिले. २०१४ मध्ये निकाल आले, मुलांच्या तब्येतीत फरक नाही. बांगलादेश, केनिया आणि खुद्द हम्फ्रींचा झिंबाब्वे इथल्या भल्यामोठ्या प्रयोगांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले. चांगले संडास, हात धुण्याची सोय, पाण्याचं शुद्धीकरण, सगळं दिलं होतं. उंची वाढली ती पूरक आहार दिलेल्या मुलांची, तीही थोडी. संडासाने एक मिलिमीटरही भर घातली नाही. नगरचा निकाल जवळपास एकटा पडला.

म्हणजे आतड्यातली धग खोटी होती का? नाही. फसला तो उपाय. झिंबाब्वेत संशोधकांनी तान्ह्या मुलांच्या मागे बसून ती काय काय तोंडात घालतात याची नोंद केली होती. त्यात माती होती, कोंबड्यांची विष्ठा होती. आपल्याकडच्या अंगणाचा विचार करा. गोठा घराला लागून, कोंबड्या ओसरीत, जमीन शेणाने सारवलेली. माणसांचा संडास झाला तरी पोराच्या हाताला लागणारे जिवाणू फार कमी होत नाहीत. आणि गावातल्या साठ घरांनी संडास वापरला, चाळिसांनी नाही, तर पाणी चाळिसांचंच ऐकतं.

शिवाय संडासाला पाणी लागतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागू करावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूर स्टेशनात शिरली. लोकांनी हार घालून तिचं स्वागत केलं. जिथे प्यायचं पाणी रेल्वेने येतं तिथे हात धुवायला आणि संडासात ओतायला बादली कुठून काढायची, हा प्रश्न कुठल्याही प्रयोगाच्या आराखड्यात नव्हता. त्याच वर्षांत स्वच्छ भारत अभियान जोरात होतं. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे मात्र हलले नाहीत. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. संडास मोजणारी वही आणि पोरं मोजणारी वही एकमेकींशी बोलत नव्हत्या.

याच सुमारास संशोधनाचा मोहरा जिवाणूंकडे वळला. बाहेरचे जिवाणू अडवता येत नसतील, तर आतले बदलता येतील का? ओडिशात पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ४,५५६ नवजात बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली साखर दिली. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू होण्याचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर खळबळ उडाली.

जाता जाता एक मौज. पोराला जुलाब लागले की नांदेड-लातूरचे डॉक्टर ज्या जिवाणूच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या लिहून देतात, त्याचं नाव वर्षानुवर्षं बॅसिलस क्लॉसाय होतं. २०२१ साली पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या खाऱ्या सरोवरातल्या एका नव्या जिवाणूवर निबंध लिहिला, त्यात या सगळ्या भाऊबंदांची नव्याने वाटणी केली, आणि बॅसिलस क्लॉसायला नाव दिलं शौचेला क्लॉसाय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशातला जिवाणूंचा मोठा संग्रह उभा करणारे डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ. आडनाव आणि विषय यांचा असा योग जुळवून आणायला नियतीलाही विनोदबुद्धी लागते.

सगळ्यांत नेमकं काम झालं ते ढाक्यात. तहमीद अहमद यांची तिथली संस्था आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन यांनी मिरपूरच्या झोपडवस्तीतल्या खुज्या मुलांच्या लहान आतड्यातले नमुने घेतले. त्यात १४ जातींचे जिवाणू ठळकपणे आढळले. ते जितके जास्त, तितकं मूल बुटकं आणि तितका आतड्यात दाह. तेच जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिले, तर उंदरांची आतडीही बिघडली. १९६० च्या दशकात वेल्लोरला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं होतं, त्यातल्या गुन्हेगारांची नावं २०२० मध्ये अशी पुढे आली.

त्याच गटाने आतड्यातले हितकारक जिवाणू पोसणारा आहार शोधायला घेतला होता. अनेक मिश्रणं पारखून एक ठरलं. तीन महिने ते खाणाऱ्या मुलांचं वजन, जास्त उष्मांक असलेला नेहमीचा पूरक आहार खाणाऱ्या मुलांपेक्षा चांगलं वाढलं. रक्तात हाडांच्या वाढीशी निगडित प्रथिनं वाढली. प्रयोगात जेमतेम सव्वाशे मुलं होती आणि मुदत थोडी होती, त्यामुळे त्यातून उंचीबद्दल काही ठाम सांगता येत नव्हतं. मिश्रणातले मुख्य जिन्नस चार: हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी. हरभरा आणि सोयाबीन लातूरच्या आडत बाजारात ढिगाने येतात. केळी नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरला पिकते आणि ट्रकांत भरून बाहेरगावी रवाना होते. सोयाबीनचं तेल गाळून झालं की प्रथिनांनी भरलेली पेंड मागे उरते. ती कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यांना विकली जाते.